जुनी गाडी उचलताना थरथरते? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे सगळं बघा

पहिला गिअर टाकला, क्लच सोडायला घेतला आणि गाडी सरळ पुढे सरकायच्या ऐवजी थडथडथड करून सगळी हादरते, डॅशबोर्ड वाजतो, आरसा हलतो, आणि क्लच पूर्ण सुटला की परत एकदम शांत. जुनी ८००, झेन, अल्टो, ओम्नी चालवणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहिती असेल. गॅरेजला नेली की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, क्लच गेला, पूर्ण सेट टाका. कधीकधी ते खरं पण असतं, पण नवा सेट टाकून सुद्धा थरथर तशीच राहिलेल्या गाड्या मी बघितल्यात, कारण दोष माउंटिंगमध्ये, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स बॉडीला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारात होता, नाहीतर तेल अडवणारं सील गळत होतं आणि नवी प्लेट थोड्याच दिवसात परत तेलात भिजली. गिअरबॉक्स उतरवायची मजुरीच एवढी असते की ती दोनदा भरायची वेळ येऊ नये, म्हणून बाहेरून जे जे तपासता येतं ते आधी तपासून घ्यायचं.

मी उदाहरणाला मारुती ८०० धरतो. १९८३ ला आली, २०१४ च्या जानेवारीत बंद झाली, ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, पुढच्या चाकांना ड्राइव्ह आणि वायरचा क्लच. अजूनही गावोगाव रीपासिंग करून चालू आहेत आणि चालाव्यातच, साध्या आणि घरी दुरुस्त होण्यासारख्या गाड्या आहेत. बाकी गाड्यांना पण तपासायची पद्धत हीच.

आधी थोडं समजून घ्या आत काय होतं ते. इंजिनच्या मागे फ्लायव्हील म्हणजे जड लोखंडी चाक फिरतं, त्याच्यावर क्लच प्लेट, आणि प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. हाफ क्लचमध्ये प्लेट घसरत घसरत हळूहळू पकड घेते. ही घसरण एकसारखी झाली तर गाडी लोण्यासारखी उचलते, पण प्लेटवर तेल असेल, फ्लायव्हीलवर कुठे जळलेले डाग असतील किंवा प्रेशर प्लेट एका बाजूने आधी टेकत असेल तर पकडलं-सुटलं-पकडलं-सुटलं असं एका सेकंदात कितीतरी वेळा होतं, तीच थरथर. दुसरी गोष्ट फार लोक लक्षात घेत नाहीत आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. क्लच वायरचं एक टोक बॉडीकडे पेडलला असतं आणि दुसरं गिअरबॉक्सवर. माउंटिंग ढिलं असलं की गाडी उचलताना इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवरच डोलतात, त्यांच्या डोलण्याने वायर ताणते आणि सैल होते, म्हणजे तुमचा पाय स्थिर असून सुद्धा क्लच आपोआप थोडा दाबला-सोडला जातो. मग थरथरीने इंजिन डोलतं आणि इंजिन डोललं म्हणून थरथर वाढते. अशा गाडीत कितीही महागाचा सेट टाका, ती थरथरणारच.

आता तपासणी. सपाट मोकळी जागा बघा, गाडी चांगली गरम झालेली असू द्या. पहिल्यात टाकून अ‍ॅक्सिलरेटर न देता क्लच अगदी सावकाश सोडा, मग थोडी रेस देऊन तेच करा, मग रिव्हर्सला. थरथर नेमकी कधी सुरू होते आणि कधी थांबते हे नीट बघा, कारण अर्धं निदान इथेच होतं. फक्त हाफ क्लचच्या पट्ट्यातच येते आणि पाय पूर्ण उचलला की जाते, तर क्लच, माउंटिंग किंवा वायर. पाय पूर्ण सुटल्यावर सुद्धा पिकप घेताना येते, तर क्लचच्या मागे लागूच नका, ड्राइव्ह शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून चाकांना फिरवणारे दांडे) आतल्या बाजूचे जॉइंट बघा नाहीतर इंजिन मिसिंग मारतंय का ते. ओम्नी, सुमो, बोलेरो अशा मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब दांडा) क्रॉस म्हणजे सांधे हाताने हलवून बघायचे, ढिले असतील तर गाडी उचलताना आधी टक्क आवाज येतो. फक्त ब्रेक मारताना हादरते तर डिस्क किंवा ड्रम, त्याचा क्लचशी संबंध नाही. पहिल्याला होते पण रिव्हर्सला जवळजवळ नाही किंवा याच्या उलट असेल तर माझा पहिला संशय माउंटिंगवर, कारण रिव्हर्सला इंजिन उलट दिशेने ढकललं जातं आणि फाटलेलं रबर एकाच बाजूने जास्त उघडतं.

थंड आणि गरम हा फरक पण बघा. कोकणात पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की फ्लायव्हीलच्या तोंडावर गंज धरतो, सकाळी पहिल्या दोनचार वेळा थरथरते आणि मग घासून साफ होते. असं असेल तर काही खोलायची गरज नाही, गाडी दोनतीन दिवसांनी थोडी फिरवत जा. उलट सकाळी ठीक आणि घाटात रांगेत अडकल्यावर किंवा शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तासभर हाफ क्लचवर चालवल्यावर सुरू होते, तर प्लेट जळून चकचकीत झालेली असते, फ्लायव्हीलवर डाग असतात किंवा तेल लागलेलं असतं.

माउंटिंग तपासायला दोन माणसं लागतात. बॉनेट उघडा, चाकांना पुढून मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. आतल्या माणसाने ब्रेक पूर्ण दाबून पहिला गिअर टाकायचा आणि क्लच फक्त पकडायला लागेपर्यंत सोडून लगेच परत दाबायचा, एक-दोन सेकंदाच्या वर नाही, मग रिव्हर्सला तेच. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या समोर किंवा मागे अजिबात नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतोय कारण पाय घसरला तर गाडी उडी मारते. इंजिन थोडं हलणारच, ते नॉर्मल आहे, पण एका बाजूने उचलून परत आपटत असेल किंवा धप्प आवाज येत असेल तर ते माउंटिंग गेलं. नंतर इंजिन बंद करून टॉर्च मारून रबर बघा, चीर, लोखंडापासून सुटलेलं, तेलाने फुगून मऊ झालेलं, काहीही दिसलं तर बदला. गिअरबॉक्सकडचं आणि मागचं माउंटिंग नजरेआड असतं म्हणून तेच नेहमी राहून जातं. आणि ब्रॅकेटचे बोल्ट पाना लावून बघा, रबर चांगलं आणि बोल्ट ढिला असं पण असतं.

वायर बघायला वेळ लागत नाही. पेडल हाताने हळू दाबून सोडा, अडकत अडकत येत असेल, कुरकुरत असेल किंवा टोकाला तार सुटायला लागली असेल तर वायर बदला. पेडलला वरती थोडा मोकळा प्ले पाहिजेच, अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलणारं बेअरिंग) कायम दाबात राहतं आणि क्लच घसरून जळतो. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत ऑइलची पातळी बघा आणि पेडल स्पंजसारखं लागतं का बघा.

इंजिनकडे पण लक्ष द्या. तीन सिलेंडरच्या इंजिनात एक सिलेंडर नीट मारत नसेल तर लोड येताच गाडी अशी हादरते की शपथेवर क्लचच वाटेल. न्यूट्रलला स्लोवर इंजिन एकसारखं चालतं का ते ऐका, प्लग काढून बघा, प्लग वायरला चिरा आहेत का बघा, जुनी कार्ब्युरेटरवाली असेल तर स्लो स्पीड फार खाली तर ठेवलेला नाही ना ते बघा. प्लग बदलून गाडी सुधारत असेल तर त्याच्याइतकं स्वस्त काहीच नाही.

मग तेल. गाडीखाली बघा, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याच्या खालच्या टोकाला ओल आहे का. बोटाला लावून वास घ्या, काळं पातळ असेल तर इंजिन ऑइल म्हणजे क्रँकचं मागचं सील, आणि घट्टसर, गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. पण इथे लगेच निष्कर्षावर येऊ नका, हेड कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग वरून गळत असलं तरी ते तेल ओघळून बरोबर त्याच जागी जमा होतं आणि सीलवर खापर फुटतं. आधी सगळं डिझेलने धुवून पुसून कोरडं करा, चारपाच दिवस गाडी चालवा आणि मग वरून खाली बघत या. इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर पाईप चोंदलेला नाही ना ते पण बघा, आत प्रेशर वाढलं की नवं सील सुद्धा गळतं.

शेवटी क्लच घसरतो का बघायचं. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला चौथा टाका आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज वाढला पण गाडी तेवढी ओढत नाही, तर प्लेट संपली किंवा तेलकट झाली. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला क्लच सोडून इंजिन बंद पाडायची जुनी पद्धत काही जण वापरतात, मला ती पटत नाही, आधीच कमजोर असलेली प्लेट त्यात आणखी जळते.

एवढं करूनही संशय क्लचवरच राहिला तर गिअरबॉक्स उतरवा, पण त्या वेळी जमेल तर स्वतः गॅरेजमध्ये थांबा. जुन्या प्लेटच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती हवेच्या पाईपने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. प्लेट तेलकट असेल तर ती पेट्रोलने धुवून किंवा पॉलिश पेपर मारून परत बसवू नका, तेल आत मुरलेलं असतं, गरम झालं की परत वर येतं. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा हाताने खुळखुळतात का, रिव्हेट पृष्ठभागाच्या जवळ आलेत का, प्लेट शाफ्टवर सहज पुढेमागे सरकते का ते बघा. प्रेशर प्लेटची बोटं, म्हणजे मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या, सगळी एका उंचीला पाहिजेत. फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर ते लेथवाल्याकडून फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या, चिरा खोल असतील तर बदलाच. डागाळलेल्या फ्लायव्हीलवर नवा सेट टाकला तर थरथर परत येते, हे काम गॅरेजवाले घाईत टाळतात म्हणून आधीच सांगून ठेवा. काही डिझेल गाड्यांत दोन भागांचं फ्लायव्हील असतं, त्याला फेसिंग मारत नाहीत, ते तपासून बदलायचंच असतं.

दोन्ही सीलं, क्रँकचं आणि इनपुट शाफ्टचं, गळत नसली तरी आत्ताच बदलून घ्या. रिलीज बेअरिंग आणि फोर्कचा बुश पण. नव्या प्रेशर प्लेटवर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो तो ब्रेक क्लीनरने पुसलाच पाहिजे, फ्लायव्हील पण, आणि ग्रीसच्या हाताने प्लेटला हात लावायचा नाही. शाफ्टच्या दात्यांवर ग्रीस अगदी बोटाने पुसल्यासारखं पातळ, जास्त लावलं की ते फिरताना उडून सरळ प्लेटवर जातं. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं, एक बाजू आधी आवळली तर प्रेशर प्लेट वाकडी बसते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या डॉवेल पिना (दोघांना सरळ रेषेत धरणाऱ्या) जागेवर आहेत का हे विचारून घ्या, त्या हरवलेल्या असतील तर गिअरबॉक्स किंचित तिरका बसतो आणि नवीन क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो.

गिअरबॉक्स उतरवताना ऑइल काढलेलं असतं, ते परत पूर्ण भरलंय ना हे स्वतः बघा. नवी प्लेट पहिले काही शे किलोमीटर बसायला घेते, तेवढे दिवस चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा. सुरुवातीला अगदी हलकी थरथर जाणवली आणि रोज कमी होत गेली तर ठीक, तशीच राहिली किंवा वाढली तर ज्याने काम केलं त्याच्याकडे लगेच परत न्या आणि माउंटिंगपासून परत बघायला लावा.