शहीद द्वीपवर निघण्याआधी ओहोटी विचारा

अंदमानातल्या शहीद द्वीपवर (जुनं नाव नील) हॉस्टेलमध्ये भेटलेल्या मंडळींबरोबर दिवसभर भटकायचं ठरलं, तर आदल्या रात्रीच हॉस्टेलवाल्याला विचारा: उद्या ओहोटी किती वाजता? लक्ष्मणपूर २ या किनाऱ्यावरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो. भरतीत तिथवर जाणारी खडकाळ वाट पाण्याखाली जाते. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून परवा जाऊन आलेल्याची वेळ तुमच्या कामाची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त आत हटतं. आपल्या कोकणातला हा हिशोब तिथेही चालतो.

पायात पकड असलेले सँडल हवेतच. खडक निसरडे असतात. डबक्यांमध्ये जिवंत प्रवाळ असतं, त्यावर पाय देऊ नका आणि सोबतच्यांनाही हक्कानं थांबवा. एका पावलानं मोडलेलं प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षं लागतात. शंख-प्रवाळ उचलून आणू नका, ते बेकायदा आहे.

एकच गाडी करण्यापेक्षा प्रत्येकानं सायकल घ्यावी. बेट लहान आहे. कुणाला भरतपूरच्या किनाऱ्यावर पोहत राहायचं असेल तर बाकीच्यांचा खोळंबा होत नाही. फक्त संध्याकाळी भेटायची जागा आधी ठरवा, कारण मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. आणि घड्याळ भारताचंच असलं तरी बेट मुंबईच्या खूप पूर्वेला आहे: डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सूर्यास्त पाहायला लक्ष्मणपूर १ च्या किनाऱ्यावर साडेचारलाच पोहोचा, परतीसाठी टॉर्च ठेवा.