डिस्टिलरीच्या लॅबमध्ये मेटाबॉलिझम कसं वाचायचं

सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेली वाळवा, पलूस, कराड भागातली बरीच मुलंमुली साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ट्रेनी म्हणून लागतात. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फुटण्याच्या, दहा पायऱ्या पाठ असतात. पण वॉशचा (यीस्ट घालून आंबवत ठेवलेल्या पातळ मळीचा) नमुना हातात आला की त्या पायऱ्यांचा आणि समोरच्या आकड्यांचा मेळ बसत नाही. तो बसवायला एक प्रश्न पुरतो: साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी कुणाच्या पदरात पडले?

एका ग्लुकोजचे दोन पायरुव्हेट होताना पेशीला निव्वळ २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणारे २ एनएडीएच भरून तयार होतात. हे एनएडीएच रिकामे झाले नाहीत तर पुढचं ग्लुकोज फुटतच नाही. यीस्ट ते इलेक्ट्रॉन ॲसिटाल्डिहाइडवर उतरवतं, त्याचं इथेनॉल होतं. लॅक्टोबॅसिलस हा जीवाणू ते थेट पायरुव्हेटवर उतरवतो, त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. साखर दोघांनीही तेवढीच खाल्ली, पण दुसऱ्याने खाल्लेली आपल्या हिशेबातून गेली.

हा हिशेब स्वतः मांडून बघा. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १ टन आंबणाऱ्या साखरेमागे ५११ किलो इथेनॉल, लिटरमध्ये सुमारे ६४७. फर्मेंटेशनची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ५८२ लिटरच्या आसपास. मळीतली साखर फेहलिंगच्या द्रावणाने मोजताना न आंबणारे रिड्युसिंग (साखरेसारखीच अभिक्रिया देणारे) पदार्थही मोजले जातात. ते वजा केले नाहीत तर यीस्ट नीट चाललेलं असूनही कार्यक्षमता कमी दिसते.

प्रीफर्मेंटरमध्ये, म्हणजे मुख्य फर्मेंटरआधी यीस्ट वाढवायच्या टाकीत, हवा का सोडतात, याचं उत्तर 'श्वसनासाठी' एवढंच दिलं तर ते अपुरं आहे. साखर जास्त असेल तर हवा असूनही यीस्ट अल्कोहोलच बनवतं; यालाच क्रॅबट्री परिणाम म्हणतात. म्हणून पेशी वाढवायच्या टप्प्यावर मळी पातळ ठेवतात. शिवाय पेशीच्या पटलासाठी लागणारं स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं यीस्टला ऑक्सिजनशिवाय बनवता येत नाहीत. ही शिदोरी न घेता मुख्य फर्मेंटरमध्ये गेलेलं यीस्ट अल्कोहोल वाढू लागलं की दम टाकतं, आणि शेवटची साखर तशीच राहते. तिथे पोचल्यावर मात्र हवा नको. उशिरा शिरलेल्या हवेचा फायदा ॲसिटोबॅक्टरला होतो आणि तो तयार अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतो.

यीस्टची जिवंत टक्केवारी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाने काढतात. जिवंत पेशी स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन रंग घालवते, मेलेली निळीच राहते. मळीचा गडद रंग आड येतो, म्हणून पेशी आधी पाण्याने धुऊन घ्या. स्लाइड रेंगाळू देऊ नका, कारण हा रंगच पेशींना विषारी आहे. टक्केवारी ९०च्या खाली असेल तर ते यीस्ट पुढे पाठवण्याआधी वरिष्ठांना दाखवा.

सांगलीकडचा एप्रिल इथे फार छळतो. ग्लुकोजमधली बरीचशी ऊर्जा इथेनॉलमध्येच राहते; आंबताना सुटलेली जी ऊर्जा एटीपीत अडकत नाही, ती उष्णता होऊन वॉशमध्ये येते. कूलिंग टॉवरचं पाणीच गरम असलं किंवा प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये गाळ बसला, तर वॉश ३५ अंशांच्या वर जातो. तेवढी उष्णता आणि अल्कोहोल एकत्र यीस्टला सोसत नाही, पण कित्येक लॅक्टोबॅसिलसना ती मानवते. मग पीएच घसरतो आणि साखर उतरायची थांबते. अशा वेळी फक्त व्होलाटाइल ॲसिडिटी (वाफेबरोबर उडणारी आम्लता) बघून निश्चिंत होऊ नका. ती चाचणी ॲसिटिक पकडते. लॅक्टिक वाफेबरोबर फारसं येतच नाही. एकूण आम्लताही टायट्रेट करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दंडाकार जीवाणू शोधा.

खरी कसोटी स्पेंट वॉशच्या (अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेल्या सांडपाण्याच्या) डायजेस्टरवर, म्हणजे त्यापासून बायोगॅस बनवणाऱ्या बंद टाकीवर, लागते. तिथे इलेक्ट्रॉन घ्यायला ऑक्सिजन नाही, नायट्रेटही जवळपास नाही. ॲसिटेटचं मिथेन करणाऱ्या आर्कियांना (जीवाणूंसारख्या वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांना) प्रमाण स्थितीत एका मोलमागे जेमतेम ३१ किलोज्यूल मिळतात. एवढ्या तुटपुंज्या कमाईवर त्यांची संख्या दुप्पट व्हायला दिवस लागतात. यीस्टला दोनएक तास पुरतात. आम्ल बनवणारे जीवाणू मात्र झपाट्याने वाढतात. म्हणून लोड (डायजेस्टरमध्ये सोडायचा स्पेंट वॉश) अचानक वाढवला की आम्लं साचतात, पीएच ६.८च्या खाली सरकतो आणि मिथेन बनवणारे आणखी मंदावतात. पीएचवर विसंबू नका, तो उशिरा बोलतो. व्होलाटाइल आम्लं आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलायची क्षमता) यांचं गुणोत्तर ०.३ ते ०.४च्या वर चढू लागलं की आधी फीड थांबवा, पुनर्चक्रण चालू ठेवा, अल्कली त्यानंतर. फीड चालू ठेवून नुसता चुना घालत राहिलात तर पीएच सुधारलेला दिसेल, पण आम्लं साचतच राहतील.

स्पेंट वॉशमध्ये सल्फेटही भरपूर असतं. सल्फेट वापरणारे जीवाणू हायड्रोजन आणि ॲसिटेटसाठी मिथेनवाल्यांशी झटापट करतात आणि इलेक्ट्रॉन हायड्रोजन सल्फाइडमध्ये उतरवतात. हा वायू जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. त्यामुळे गॅस डिटेक्टरशिवाय नमुना घ्यायला जायचं नाही. रिकाम्या फर्मेंटरच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचून राहतो. आत उतरायचं लेखी परमिट आणि बाहेर उभा माणूस असल्याशिवाय आत उतरायचं नाही, मग शिफ्ट इन्चार्जने कितीही घाई केली तरी.