गव्हातलं तण: पंप उचलण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर संपत आला की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच प्रश्न ऐकू येतो, "गव्हात लई तण झालंय, काय मारू?" पेरणी कधीची, तण कोणतं, किती पानांवर आलंय, यातलं काही न विचारता पुडी पुढे सरकते. तोवर गहू गुडघ्याला लागलेला असतो आणि तणानं खायचं ते खाऊन झालेलं असतं.

सगळ्यात महाग चूक हीच. बागायती गव्हात पेरणीपासूनचे पहिले ३० ते ४० दिवस सांभाळायचे. गव्हाच्या आधी किंवा सोबत उगवलेला चंदनबटवा (रुंद पानांचं तण) मुकुटमुळं, म्हणजे बुडाशी येणारी मुख्य मुळं, फुटायच्या वेळचं पाणी आणि नत्र ओढतो, आणि फुटवे, म्हणजे बुडातून येणारे नवे कोंब, तिथेच कमी होतात. गेलेला फुटवा नंतर तण उपटून परत येत नाही. उलट गव्हानं ओळी झाकल्यावर उगवलेलं तण सावलीत खुरटून राहतं. ते डोळ्यांत खुपतं, उताऱ्यात, म्हणजे उत्पन्नात, फारसं दिसत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हात पन्नासाव्या दिवशी बाया लावून निंदणी करणं म्हणजे शेजाऱ्याला शेत स्वच्छ दाखवायचा खर्च.

हिशेब बांधावर बसून होतो. समजा निंदणीला एकरी ११ मजूर आणि ३०० रुपये रोज, म्हणजे ३,३०० रुपये. गहू २,४०० रुपये क्विंटल धरला, तर नुसती मजुरी निघायला एकरी १ क्विंटल ३८ किलो गहू वाचला पाहिजे. एकरी १५ क्विंटल देणाऱ्या शेतात हे नऊ टक्के झाले. फवारणी औषध-मजुरी धरून ८०० रुपयांत बसली तर ३३ किलो पुरतात. सगळं तण काही मरत नाही, म्हणून ४० धरा. दर आपापल्या गावचे घाला. निंदणी अजिबातच नको असं नाही. गव्हात मोहरीच्या ओळी असतील तर रुंद पानांचं तणनाशक चालतच नाही, तिथे पंचविसाव्या दिवसाच्या आत खुरपंच.

आता वाचणार किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही आणि मोजायचा कंटाळा सगळ्यांना. चार काठ्या बांधून मीटर बाय मीटरची चौकट करा. पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांनी दिलं की वाफशावर शेतातून तिरकं चालत सात-आठ ठिकाणी ती टाका. बांधापासून चार पावलं सोडा, कारण बांधालगत तण कायम जास्त असतं आणि लोक तिथेच उभे राहून अख्ख्या शेताचा निकाल लावतात. रुंद पानांचं आणि गवताचं वेगळं मोजा, औषधं वेगळी असतात. चौकटीत दोन-चारच रोपं, तीही गव्हाच्या मागून उगवलेली? घरी जा. प्रत्येक चौकट भरलेली असेल तर त्याच आठवड्यात फवारा, तण दोन ते चार पानांवर असताना. पाण्याच्या दांडाजवळच गर्दी असेल तर तेवढंच खुरपा.

दुसरी चूक पंपाची. टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणाचं औषध मारलेला पंप दोनदा पाण्यानं खंगाळायचा आणि आठवड्यानं टोमॅटोवर न्यायचा, हे दरवर्षी कुणीतरी करतंच. पुढचं ठरलेलं असतं. आधी शेंडे मुरडतात. मग नवी पानं अरुंद येतात, पंख्यासारखी, शिरा जवळजवळ. शेतकरी म्हणतो व्हायरस. दुकानातून पांढऱ्या माशीचं औषध येतं, नंतर सूक्ष्म अन्नद्रव्यं, आणि सगळं त्याच पंपातून मारलं जातं! औषध वॉशरमध्ये, नळीत, गाळणीत मुरलेलं असतं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्याला लाल पट्टा मारा. दुसरा घेणं जमत नसेल तर धुण्याच्या सोड्याचं पाणी भरा, थोडं नळी-नोझलमधून काढा, बाकीचं रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. शेजारी द्राक्ष, कपाशी किंवा तूर असेल तर वाऱ्यात हे औषध हातातही घेऊ नये.

खुद्द गव्हालाही टू-फोर-डी वेळेवरच सोसतं. फुटवे यायच्या आधी मारलं तर कांद्याच्या पातीसारखी नळी झालेली पानं आणि पोग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानात) अडकलेल्या वाकड्या ओंब्या दिसतात. कांड्या धरल्यावर मारलं तर दाणे कमी भरतात. पेरणीनंतर ३० ते ३५ दिवस ही त्याची वेळ.

रुंद पानांच्या तणाचं दुसरं औषध, मेटसल्फ्युरॉन मिथाईल २० टक्के, एकरी फक्त ८ ग्रॅम लागतं. ते पंपात चिमटीनं टाकणाऱ्यांना काय म्हणावं! १ लिटर ३०० मिली पाण्यात विरघळवा, सोबतचं स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) विसरू नका, आणि १५ लिटरच्या पंपाला १०० मिली द्रावण घ्या. एकराला १३ पंप बसलेच पाहिजेत. सहा पंपांत एकर उरकणारे पुढच्या वर्षी औषधालाच नावं ठेवतात.

नोझल फ्लॅट फॅनच, म्हणजे सपाट पंख्यासारखा फवारा देणारं. कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल नको, आणि फवारणीचा दांडा झाडूसारखा हलवणंही नको.

पेंडीमिथॅलिन हे तण उगवण्याआधी मारायचं तणनाशक कोरड्या मातीवर मारणं म्हणजे पैसे मातीत.

ज्वारी-मक्याचं उरलेलं ॲट्राझीन गव्हात मारू नका, गहूच मरतो.

सल्फोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारलेल्या रानात पुढे ज्वारी किंवा मका नको.

लव्हाळ्याला खुरपं लावलं की खालच्या गाठी तुटून जास्तच फुटतात. थंडीत त्याचा जोर तसाही कमी असतो.

दरसाल तेच औषध नको. हरियाणात गुल्लीडंडा हे गव्हातलं गवत १९९० च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला असाच दाद देईनासा झाला.

उशिराचं तण उतारा खात नाही, पण बी टाकतं. फुलावर आलेली झाडं फवारू नका, बी पिकायच्या आत उपटून शेताबाहेर काढा. आणि ती गोठ्यात टाकू नका. चंदनबटव्याचं बी जनावराच्या पोटातूनही जिवंत निघतं आणि कच्च्या शेणखतातून त्याच रानात परत येतं.