परदेशात माउंटन बाइकिंगला जायचंय? सोलापूरकरांनी ठिकाण कसं ठरवावं

परदेशातल्या माउंटन बाइकिंगची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत एखाद्या व्हिडिओपासून होते. कड्याच्या काठानं जाणारी वाट, खाली ढग, की लगेच तिकिटांची शोधाशोध. मग तिथं पोहोचल्यावर कळतं, की सायकलींना डोंगरावर नेणारी लिफ्ट अजून सुरूच झालेली नाही, नाहीतर ज्या उतारासाठी एवढा खर्च केला तो सायकल हातात धरून उतरावा लागतोय. हे टाळायचं तर क्रम उलटा धरा. आधी सुट्टी, मग स्वतःचे पाय आणि हात, मग उंची, त्यानंतर सायकल आणि कागदपत्रं. या चाळणीतून दोन-तीनच ठिकाणं उरतात. व्हिडिओ तेव्हा बघा, हवे तितके.

१. आधी महिना

दिवाळीची सुट्टी मिळत असेल तर निवड सर्वांत सोपी. ऑक्टोबरच्या मध्यापासून नेपाळमध्ये पाऊस सरलेला असतो आणि आकाश धुतल्यासारखं. इटलीच्या किनाऱ्यावरचं फिनाले लिगुरे आणि अमेरिकेत युटा राज्यातलं मोआब ही दोन्ही ठिकाणंही याच दिवसांत चांगली असतात. दिवाळी उशिरा आली तर मोआबच्या उंचावरच्या वाटांवर बर्फ पडू लागतो, तेवढं पंचांग बघून ठरवा.

मे महिना फसवा. आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून आल्प्स, हे गणित हमखास चुकतं. उंच वाटांवर तेव्हा बर्फ असतं, आणि फ्रान्समधल्या मोर्झिन, ले जे या गावांभोवतीच्या बहुतेक लिफ्टा जूनच्या मध्याला सायकलींसाठी सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्याला बंद होतात. कॅनडातलं व्हिस्लरचं बाइक पार्क मेच्या मध्याच्या आसपास उघडतं, पण तेव्हा फक्त खालचा भाग मिळतो. वरच्या वाटांसाठी उन्हाळा चांगला वर यावा लागतो. मेमध्येच जायचं असेल तर फिनाले, स्पेन किंवा स्कॉटलंड बघा. स्कॉटलंडमध्ये पाऊस कधीही येतो, पण वसंतातले हे दिवस तुलनेनं कोरडे, आणि चावऱ्या चिलटांचे थवे अजून निघालेले नसतात.

संक्रांतीच्या आसपास, म्हणजे इकडे गड्डा भरलेला असताना, न्यूझीलंडमध्ये भर उन्हाळा असतो. थायलंडच्या उत्तरेकडचं च्यांग माईही डिसेंबर-जानेवारीत थंड आणि कोरडं. ते मात्र फेब्रुवारीच्या पुढं ढकलू नका. शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर तिथं एप्रिलपर्यंत साचून राहतो आणि चढावर छाती भरून येते.

जुलै-ऑगस्ट हे आल्प्स आणि व्हिस्लरचे खरे दिवस. नेपाळ तेव्हा बहुतांशी बाद. अपवाद मुस्तांगचा. सोलापूर जसं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, तसं मुस्तांग अन्नपूर्णा आणि धौलागिरीच्या मागं, म्हणून पावसाळ्यातही बरंचसं कोरडं. अडचण तिथं पोहोचण्याची आहे. पोखऱ्याहून वर जाणाऱ्या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि विमानं रद्द होतात. हातात मोजके दिवस असतील तर हा जुगार खेळू नये.

आणखी एक गैरसमज. पंचेचाळीस अंशांत सायकल चालवणाऱ्याला मोआबचा जून काय करणार, असं वाटतं. आपल्याकडे दर पाच-सात किलोमीटरवर टपरी असते, हँडपंप असतो. मोआबच्या खडकावर सावली नाही, गाव नाही, आणि कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे शरीरातलं पाणी किती कमी झालंय हे उशिरा कळतं. तिथं मार्च ते मे नाहीतर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर, आणि तेव्हाही पाठीवर तीन लिटर पाणी.

२. पाय आणि हात वेगवेगळे तपासा

सपाटीवरच्या सायकलस्वाराचे पाय तयार असतात, हात नसतात. हैदराबाद रोडवर सकाळी शंभर किलोमीटर मारून येणाऱ्याला डोंगरात कसं जमेल, हे त्या शंभरावरून अजिबात कळत नाही. अंतर विसरा, चढाची बेरीज मोजा. मोबाइलमधल्या कुठल्याही सायकलिंग अॅपमध्ये दिवसाचा एकूण चढ मीटरमध्ये दिसतो. तुळजापूरचा घाट लहान आहे, पण आपल्याला तोच जवळ. एका फेरीत किती मीटर चढ भरतो ते बघा आणि हजार मीटर होईपर्यंत फेऱ्या मारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच जमलं तर लिफ्ट नसलेली ठिकाणं यादीत ठेवा. नाही जमलं तर लिफ्ट किंवा गाडीनं वर सोडणारी ठिकाणं बघा. त्यात कमीपणा काही नाही.

पण लिफ्ट म्हणजे आराम, असंही समजू नका. चढ नसल्यामुळे दिवसभर उतारच उतार होतो. दुपारपर्यंत कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात आणि बोटांना ब्रेक दाबवत नाही. लिफ्टच्या ठिकाणी शेवटची फेरी जपून टाकायची ती यासाठीच. याचा सराव डांबरी घाटात होत नाही. दगडगोट्यांची, खडी सुटलेली गाडीवाट शोधा. पेडलवर उभं राहून, दोन्ही ब्रेकांवर एकेकच बोट ठेवून, ठरवलेल्या खुणेवर चाक न घसरता थांबता येतं का बघा. दहापैकी आठदा जमायला हवं. (माळरान हवं म्हणून नान्नजच्या अभयारण्यात मात्र शिरू नका. तो माळ माळढोकाचा.) मोठ्या उताराची सवय करायची तर पाचगणीहून वाईकडे उतरणारा पसरणीचा घाट किंवा सिंहगड, असे एक-दोन शनिवार-रविवार खर्ची घाला.

३. रंगांची भाषा देशागणिक बदलते

वाटांची काठिण्यपातळी रंगांनी दाखवतात, आणि गोंधळ इथंच होतो. युरोपात बहुतेक ठिकाणी चढत्या क्रमानं हिरवा, निळा, लाल, काळा. अमेरिका-कॅनडात लाल नसतोच. हिरवा, निळा, काळा आणि दुहेरी काळा. म्हणजे युरोपातला लाल तिकडच्या अवघड निळ्यापासून सोप्या काळ्यापर्यंत कुठंही बसू शकतो. न्यूझीलंडमध्ये १ ते ६ असे आकडे आहेत. जर्मन बोलणाऱ्या आल्प्समध्ये एस-० ते एस-५ ही मोजणी चालते, आणि तिथं एस-२ पासूनच पायऱ्या, मुळं आणि अरुंद वळणं लागतात. शिवाय व्हिस्लरचा निळा दुसऱ्या एखाद्या गावच्या काळ्याला भारी पडू शकतो. म्हणून पहिल्या दिवशी कुठंही गेलात तरी आपल्या पातळीच्या एक रंग खाली उतरा.

ठिकाण निवडताना ट्रेलफोर्क्स या नकाशाच्या अॅपवर त्या गावातल्या सगळ्या वाटा रंगानुसार मोजा. निम्म्याहून जास्त वाटा तुमच्या पातळीच्या किंवा तिच्याखालच्या असतील तरच ते ठिकाण ठेवा. तिथलीच एक जगप्रसिद्ध वाट तुमच्या आवाक्यातली आहे, एवढ्यावर भुलू नका. पाच दिवस एकाच वाटेवर निघत नाहीत. वाटेची अलीकडची नोंद कधीची आहे तेही बघा. लाकूडतोडीमुळे किंवा दरडीमुळे वाटा बंद होतात, आणि जुन्या व्हिडिओत त्या अर्थातच उघड्या असतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी न्यूझीलंडचं रोटोरुआ या कसोटीवर चांगलं उतरतं. एकाच जंगलात सोप्यापासून अवघडपर्यंत वाटा, आणि ज्वालामुखीची माती पाणी पटकन पिते, त्यामुळे पावसानंतरही चिखलात रुतायला होत नाही. आपली काळी माती पहिल्या सरीनंतर चाकाला कशी धरते, हे माहीत असणाऱ्याला याची किंमत कळेल.

४. उंचीचं गणित

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. फिनालेसारख्या किनाऱ्यालगतच्या ठिकाणी उंचीचा प्रश्नच नाही. मुस्तांगमध्ये आहे. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० ते ३,८०० मीटरवर, आणि तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. यात्रेकरू जीपनं वर जाऊन दर्शन घेऊन उतरतात, म्हणून आपणही जाऊ, असं म्हणू नका. त्यांना तिथं पेडल मारायचं नसतं.

विरळ हवेचा त्रास २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो. ३,००० मीटरच्या पुढं झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. डोकं दुखून मळमळू लागलं तर वर जाणं तिथंच थांबवायचं, आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. हे थांबे सुट्टीत बसतात का, ते तिकीट काढण्याआधी कागदावर मांडा. सात दिवसांत बसत नसेल तर जोमसोमला, म्हणजे २,७०० मीटरच्या आसपास, मुक्काम ठेवून खालच्या बाजूला तातोपानीकडे उतरणं बरं. तिथं आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारी खालून वर जोराचा वारा सुटतो. पोखरा-जोमसोम विमानं सकाळीच उडतात ती यामुळेच. खाली उतरताना हा वारा समोरून येतो आणि उतारावरही पेडल मारायला लावतो, म्हणून दिवसाचं अंतर अकराच्या आत संपवा.

थंडीही हिशेबात धरा. चढताना घामानं भिजलेला टीशर्ट उतारावर बर्फासारखा होतो, आणि आपल्याला सर्वांत आधी सोडून जातात ती ब्रेकवरची बोटं. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वारा अडवणारं पातळ जाकीट, एवढं जवळ असलंच पाहिजे.

५. सायकल न्यायची की तिथंच घ्यायची

पाच-सहा दिवसांसाठी आणि लिफ्टच्या ठिकाणी, भाड्यानं. घरची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन असलेली सायकल, तिथं नेऊन हाल करून घेण्यात अर्थ नाही. लिफ्टच्या वाटांना पुढं-मागं १५० ते १७० मिलिमीटर सस्पेन्शन लागतं, साध्या ट्रेलला १२० ते १५० पुरतं. दुकानाला मेल करताना स्वतःची उंची, वजन आणि पातळी कळवा. मॉडेलचं वर्ष, टायर ट्यूबलेस आहेत का, पेडल सपाट की बूट अडकवायच्या क्लिपचं आणि अनामत किती, हे विचारा. अनामत बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, म्हणून कार्डाची मर्यादा आधी बघा. सायकल हातात आली की पहिली गोष्ट, कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा. अमेरिकेत आणि मुख्य युरोपात पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो, ब्रिटन-न्यूझीलंडमध्ये उजव्या. सवयीनं चुकीचा दाबला तर थेट हँडलवरून पुढं.

लांबच्या डोंगरी सफरीसाठी स्वतःची सायकल न्यायची असेल तर वजन आधी करा. १५ किलोची सायकल आणि सात-आठ किलोची पेटी, म्हणजे २३ किलोची मर्यादा तिथंच संपली. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर देशांतर्गत विमानाची १५ किलोची मर्यादा आडवी येते. पॅक करताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, सोडवून चेनसकट फ्रेमच्या आत बांधा. चाकं काढल्यावर हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडांमध्ये प्लॅस्टिकची चकती घाला. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक बसत नाही. डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, जास्तीचा एक न्याच. तो परदेशातल्या खेड्यात मिळणार नाही. ई-बाइक न्यायचा विचार सोडा, तिची बॅटरी १६० वॉट-तासांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी मोठी असते आणि प्रवासी विमानात चालत नाही.

पंक्चरबद्दल आपण सगळे स्वतःला तज्ज्ञ समजतो. पण बाभळीच्या काट्याचं किंवा सराट्याचं पंक्चर वेगळं. खडकाळ वाटेवर हवा कमी असेल तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. त्यामुळे ट्यूबलेसच घ्या, तरी एक ट्यूब खिशात ठेवा.

विमानतळ ठरवताना सवयीनं मुंबईच धरू नका. रस्त्यानं हैदराबाद सोलापूरला मुंबईपेक्षा जवळ पडतं, आणि सायकलची पेटी गाडीच्या टपावर बांधून नेणं रेल्वेच्या बर्थखाली कोंबण्यापेक्षा सोपं.

६. कागद

नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्डावर भिस्त ठेवू नका. अन्नपूर्णा परिसराचा परवाना घ्यावा लागतो, आणि कागबेनी गावाच्या पुढं वरच्या मुस्तांगसाठी वेगळा. भूतानमध्ये भारतीयांना परवान्यासोबत रात्रीमागे १,२०० रुपये विकास शुल्क पडतं. दहा रात्रींचे बारा हजार आधीच हिशेबात धरा.

फ्रान्स, इटली, स्पेनसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा व्हिसा; स्कॉटलंड त्यात येत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो, निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस. खरी अडचण पुण्या-मुंबईतल्या अपॉइंटमेंटची असते. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या आठवड्यांआधीच संपतात, म्हणून जुलैत जायचं तर मार्चमध्येच हालचाल करा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, पण तो व्हिसापुरता पुरेसा, डोंगरापुरता असेलच असं नाही. पॉलिसीतली अपवादांची यादी वाचा. माउंटन बाइकिंग, बाइक पार्क आणि ठरावीक उंचीच्या वरचे अपघात त्यात वगळलेले असू शकतात. नेपाळसाठी हेलिकॉप्टरनं सोडवून आणण्याचा खर्च धरलाय का, ते लेखी विचारा.

न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी सायकल, बूट आणि हेल्मेट घरीच ब्रशनं घासून घ्यावं. टायरच्या खाचेत अडकलेली सोलापूरची माती तिथल्या विमानतळावर जैवसुरक्षेचा मुद्दा ठरते आणि दंड होऊ शकतो. खाण्याचंही तसंच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी डोंगरात नेण्यासारखी दुसरी शिदोरी नाही, टिकते आणि पोटाला धरते. पण प्रवेशाच्या घोषणापत्रात तिची नोंद करा. नोंद केलेली पुडी फार तर काढून घेतील; लपवलेल्या पुडीला ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे.