प्रतिबंधक आरोग्य कार्यक्रमाचे मूल्यमापन : संस्थेला मदत करणाऱ्यांसाठी

मूल्यमापनाचा विषय निघाला की संस्थेतील कार्यकर्ते सावध होतात, कारण आपल्या कामाची तपासणी होणार आणि त्यात उणे सापडले तर निधी थांबणार, अशी त्यांची समजूत असते. म्हणून मदतीला गेलेल्या व्यक्तीने पहिल्याच बैठकीत प्रश्नावली पुढे करू नये. ‘या मूल्यमापनाच्या आधारे तुम्ही कोणता निर्णय घेणार आहात?’ एवढेच आधी विचारावे. कार्यक्रम पुढच्या वर्षी चालू ठेवायचा की नाही, सत्रांची संख्या कमी करायची का, प्रत्यक्ष भेटींऐवजी दूरध्वनी पुरेसा ठरेल का, असा एखादा ठोस निर्णय समोर नसेल, तर माहिती गोळा होते आणि कपाटात पडून राहते.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने १९९९ मध्ये मूल्यमापनाची सहा टप्प्यांची चौकट प्रसिद्ध केली. तिची सुरुवात संबंधित लोकांना सहभागी करून घेण्यापासून होते आणि कार्यक्रमाचे वर्णन त्यानंतर येते. हा क्रम पाळण्यासारखा आहे. दुसऱ्या टप्प्यावर कार्यकर्त्यांना एका मोठ्या कागदावर साधी साखळी मांडायला सांगावी : आपण काय करतो, त्यामुळे लोकांच्या माहितीत किंवा सवयीत कोणता बदल अपेक्षित आहे आणि त्या बदलामुळे कोणता आजार टळणार आहे. बहुतेक वेळा मधली कडी कमकुवत निघते. माहिती दिली की सवय बदलेल, असे गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील ‘डेअर’ या शालेय व्यसनप्रतिबंध कार्यक्रमाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तो अतिशय लोकप्रिय होता, तरीही १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात अमली पदार्थांच्या प्रत्यक्ष वापरावरील त्याचा परिणाम अत्यल्प आढळला.

प्रतिबंधाच्या कामातील खरी अडचण अशी की, जे घडले नाही तेच मोजायचे असते आणि आजार टळल्याचे दिसायला अनेक वर्षे लागतात. लहान संस्थेने त्या फंदात पडू नये. ज्या उपायाचा उपयोग आधीच सिद्ध झाला आहे, तो किती लोकांपर्यंत आणि किती नीट पोहोचला, एवढे मोजले तरी पुरते. गोवराच्या लशीच्या दोन मात्रांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळते, हे माहीतच आहे. तेव्हा लसीकरणासाठी फिरणाऱ्या संस्थेने दुसरी मात्रा राहून गेलेली मुले किती आणि ती का राहिली, हे शोधावे. उपाय नवा किंवा अनिश्चित असेल, तरच परिणाम मोजण्याचा खटाटोप करावा.

परिणाम मोजायचा ठरला, तर सर्वाधिक लक्ष छेदाकडे, म्हणजे टक्केवारी एकूण किती जणांपैकी काढली त्या संख्येकडे, द्यावे. समजा, तंबाखू सोडण्याच्या गटात ८० जणांनी नाव नोंदवले, शेवटी ४० जणांशी संपर्क झाला आणि त्यांपैकी २० जणांनी तंबाखू सोडल्याचे सांगितले. अहवालात यश ५० टक्के लिहिले जाते. नोंदणी केलेल्यांच्या हिशेबाने ते २५ टक्केच आहे. धूम्रपान सोडवण्याच्या संशोधनात २००५ मध्ये मांडलेल्या ‘रसेल मानका’नुसार संपर्काबाहेर गेलेल्यांना धूम्रपान करणारेच धरतात आणि किमान सहा महिन्यांचा पाठपुरावा करून श्वासातील कार्बन मोनॉक्साइडवरून सांगण्याची पडताळणी करतात. असे उपकरण प्रत्येक संस्थेला परवडेल असे नाही, पण कडक छेद वापरायला काहीच खर्च येत नाही. गट २५ जणांचा असेल, तर टक्केवारी देऊच नये. एका माणसाच्या फरकाने आकडा ४ टक्क्यांनी हलतो.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. शिबिरात एकदाच मोजलेल्या रक्तदाबावरून सर्वाधिक आकडे असलेली माणसे निवडली, तर पुढच्या मोजणीत त्यांची सरासरी काहीही न करता थोडी खाली येते, कारण पहिल्या वेळी काहींचा आकडा केवळ योगायोगाने चढलेला असतो. त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना एकटी पुरत नाही. जागा अपुऱ्या असतील, तर प्रतीक्षा यादीतील लोकांचीही त्याच दिवसांत, त्याच पद्धतीने मोजणी करावी; त्यांना पुढील तुकडीत प्रवेश मिळणारच असल्याने कोणावर अन्यायही होत नाही. मात्र आधी कोणाला घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, नाहीतर उत्साही माणसे पहिल्या तुकडीत जातात आणि तुलना बिघडते.

मुलाखती कोण घेते, यालाही महत्त्व आहे. ज्या कार्यकर्तीने सहा महिने जीव तोडून समुपदेशन केले, तिच्यासमोर ‘मी अजून ओढतो’ असे म्हणणे कठीण असते; म्हणून ते काम दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावे. संमती घ्यावी, नकार दिल्याने सेवा बंद होणार नाही हे स्पष्ट सांगावे आणि नावे उत्तरांपासून वेगळी ठेवावीत.

निष्कर्ष आधी सहभागी लोकांना आणि कार्यकर्त्यांना दाखवावेत, निधी देणाऱ्यांना नंतर. आकड्यांमागची कारणे त्यांनाच माहीत असतात. मग पहिल्या बैठकीत लिहून ठेवलेला निर्णयाचा प्रश्न पुन्हा टेबलावर ठेवावा आणि त्याचे उत्तर, तारीख व जबाबदार व्यक्ती यांसह, त्याच कागदावर लिहून घ्यावे.