आपला माल बंदराच्या कोणत्या प्रकारात मोडतो, हे कसे ठरवावे

निर्यातीची पहिली ऑर्डर हाती आली की उद्योजक बहुधा थेट जहाजाच्या भाड्याची चौकशी करू लागतो. वास्तविक त्याआधी आपला माल बंदराच्या दृष्टीने कोणत्या प्रकारचा आहे हे निश्चित करायला हवे, कारण बंदर, धक्का, भाड्याची आकारणी आणि कागदपत्रे या सगळ्या गोष्टी त्यावरच अवलंबून असतात. हा प्रकार वस्तूच्या नावावरून ठरत नाही. कच्ची साखर हजारो टनांनी सुटी जहाजाच्या पोटात ओतली जाते. पोत्यांत भरलेली साखर स्लिंगमध्ये, म्हणजे दोरांच्या झोळीत घालून क्रेनने चढवली जाते. आणि तीच पोती कंटेनरमध्ये रचली की तो कंटेनरचा माल होतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : माल किती आहे, आणि तो जहाजात कसा चढणार आहे?

जहाजाचा निदान एक होल्ड (माल भरण्याचा कप्पा) भरेल इतका माल असेल आणि तो ओतता, उपसता किंवा पट्ट्यावरून नेता येत असेल, तर तो सुटा कोरडा माल, अर्थात ड्राय बल्क. कोळसा, लोहखनिज, खते, रॉक फॉस्फेट, गहू हे त्यातले नेहमीचे. जयगडच्या बंदरात कोळशाची मोठी जहाजे लागतात, धरमतरच्या खाडीत बार्जेस, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी माल आणतात, तर गोव्यात खाणींचे खनिज मांडवी आणि झुवारी नद्यांतून बार्जने मुरगावकडे येते.

या प्रकारात खरी काळजी घ्यावी लागते ती ओलाव्याची. लोहखनिजाची भुकटी वरून कोरडी दिसते. पण ओलावा ठरावीक मर्यादेपलीकडे असला, तर हेलकाव्यांनी आणि यंत्रांच्या कंपनाने कण एकमेकांवर दाबले जातात, मधले पाणी मोकळे होते आणि अख्खा ढीग चिखलासारखा एका बाजूला सरकून जहाज कलंडते. २००९ साली मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ ही लोहखनिज वाहणारी जहाजे काही आठवड्यांच्या अंतराने बुडाली. २०११ पासून बंधनकारक झालेल्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार सुट्या मालाचे तीन गट पडतात : ओलाव्याने प्रवाही होऊ शकणारा, रासायनिकदृष्ट्या धोकादायक आणि या दोन्हींत न मोडणारा. पहिल्या गटातल्या मालासाठी प्रयोगशाळेचा ओलाव्याचा दाखला लागतोच. धक्क्यावर शंका आली तर एक साधी चाचणी करता येते. अर्धा ते एक लिटरच्या डब्यात निम्म्यापर्यंत नमुना भरावा, डबा सुमारे २० सेंटीमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर एक-दोन सेकंदांच्या अंतराने २५ वेळा आपटावा आणि वर पाणी सुटते का ते पाहावे. पाणी सुटले तर भरणी थांबवून नमुना पुन्हा तपासायला द्यावा. सुटले नाही म्हणजे माल सुरक्षित आहे असे मात्र मानू नये; या चाचणीने धोका कळतो, निर्धोकपणा सिद्ध होत नाही.

द्रव मालाबद्दल छोट्या निर्यातदाराने फार खोलात जाण्याचे कारण नाही. मुंबईत कच्चे तेल जवाहर द्वीपावर आणि रसायने पीर पाऊच्या धक्क्यावर हाताळली जातात. दाभोळला उणे १६२ अंश सेल्सिअसला द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू येतो. आपल्याकडे वीस-बावीस हजार लिटर खाद्यतेल असेल, तर वीस फुटी कंटेनरमध्ये बसणारी फ्लेक्सिटँक, म्हणजे द्रव भरण्याची मोठी लवचिक पिशवी पुरते. टाकी कंटेनर भाड्याने घेतलात, तर त्यात आधी काय भरले होते आणि तो धुतल्याचे प्रमाणपत्र आहे का, हे अवश्य विचारावे.

बहुतेक वाचकांचा माल न्हावा-शेव्याहून कंटेनरनेच जाईल. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर, तर चाळीस फुटीची सुमारे ६७. परंतु जागा दुप्पट म्हणून वजनही दुप्पट चालते हा समज चुकीचा आहे, कारण दोन्हींची एकूण वजनमर्यादा जवळपास सारखीच, तीस टनांच्या आसपास असते आणि रस्त्यावरची मर्यादा त्याहूनही आड येते. म्हणून कोल्हापूरच्या ओतकामासाठी वीस फुटी, तर फर्निचरसारख्या हलक्या पण जागा व्यापणाऱ्या मालासाठी चाळीस फुटी घ्यावा. कंटेनर भरण्याइतका माल नसेल, तर इतरांच्या मालासोबत तो पाठवता येतो. त्यात एक टन किंवा एक घनमीटर, यांपैकी जे अधिक भरेल त्यावर भाडे लागते. तीन घनमीटरच्या ९०० किलो मालाचे भाडे तीन टनांचे द्यावे लागेल. भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवणे १ जुलै २०१६ पासून बंधनकारक आहे. द्राक्षे शून्य अंशाजवळ आणि केळी तेरा-चौदा अंशांवर ठेवावी लागत असल्याने ती एका रीफरमध्ये, म्हणजे शीत कंटेनरमध्ये घालू नयेत. शिवाय रीफर तापमान टिकवण्यासाठी असतो, शेतातून आलेला गरम माल थंड करण्यासाठी नव्हे, त्यामुळे प्रीकूलिंग, म्हणजे माल थंड करणे, आधीच उरकावे.

कंटेनरमध्ये न मावणारे ट्रान्सफॉर्मर, पोलादी कॉइल, मोठी यंत्रे हा ब्रेक बल्क (एकेक नग उचलून चढवायचा) किंवा प्रोजेक्ट माल झाला. अशा पेटीवर वजन, गुरुत्वमध्य आणि उचलण्याच्या जागा ठळकपणे रंगवाव्यात; लाकडी पॅकिंग ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का असलेले असावे. चाकांवर चालत जाणाऱ्या मालाची, उदाहरणार्थ चाकणच्या मोटारींची, रो-रो जहाजे वेगळी असतात.

शेवटी, प्रकार कोणताही असो, माल धोकादायक आहे का हे स्वतंत्रपणे तपासावे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र होती. आग लागली आणि स्फोटांत शेकडो माणसे दगावली. आज अशा मालाचे नऊ वर्ग आहेत आणि कोणता वर्ग कोणापासून किती दूर ठेवायचा याचे नियम आहेत. रंग, अत्तर, लिथियम बॅटऱ्या, ब्लीचिंग पावडर या घरगुती वाटणाऱ्या वस्तूही त्यांत येतात. उत्पादकाकडून सुरक्षा माहितीपत्रक मागवून त्याचा वाहतुकीविषयीचा चौदावा भाग वाचावा. तिथे धोकादायक माल ओळखण्याचा चार अंकी संयुक्त राष्ट्र (UN) क्रमांक दिसला, तर तो बुकिंगच्या वेळीच जहाज कंपनीला कळवावा आणि तिची लेखी संमती हाती येईपर्यंत कंटेनर कारखान्याबाहेर काढू नये.