मिरग लागायच्या आत खुराडं आवरा

वळवाचा पहिला शिंतोडा पडला की मुळशी-मावळात एकच धांदल उडते. राब भाजून झालेले असतात, बियाणं आणायचं असतं, कौलं परतायची असतात. या सगळ्यात कोंबड्यांची आठवण होते ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, तीही खुराड्यात पाणी शिरल्यावर. आमच्या परसात तीस-चाळीस पक्षी असतात, अर्धे गावरान, अर्धे गिरिराज या सुधारित जातीचे. इतक्या पावसाळ्यांत आजाराने जेवढे गेले त्यांतला एकही वरून भिजून गेला नाही. गेले ते पायाखाली अंथरलेल्या भाताच्या ओल्या तुसामुळे.

पहिल्या वर्षाची गोष्ट. खुराड्याची जाळीची बाजू मी पश्चिमेला ठेवली होती, अंगणातून दिसावं म्हणून. आमच्याकडे पाऊस येतो ताम्हिणी घाटाच्या अंगाने, म्हणजे बरोबर त्याच बाजूने. मिरगाच्या पहिल्या सरीत निम्मं खुराडं भिजलं. मग घाबरून मी चारी बाजूंनी ताडपत्री लावली आणि खिळे ठोकून पक्की केली. वाटलं, आता काळजी मिटली. चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर असा उग्र दर्प आला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी उभी असताना ही गत, कोंबडीचं नाक तर तुसापासून वीतभर अंतरावर. दोन तलंगांच्या, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या, डोळ्यांत फेस होता, एक कोंबडी तोंड उघडून श्वास घेत होती. मी सर्दी समजून ओवा-हळदीच्या मागे लागले. सासूबाई आल्या, कोंबडीकडे पाहिलंही नाही. खाली वाकून मूठभर तूस उचललं, दाबलं आणि हात माझ्यापुढे उघडला. "हे बघ, लाडू वळला."

अजूनही माझी परीक्षा तीच आहे. तूस मुठीत दाबून सोडायचं. थोडा आकार धरून लगेच भुगा झाला तर तुसाची गादी ठीक. लाडू तसाच राहिला तर ओल वाढली. धूळ उडाली तर फार कोरडं, पण पावसाळ्यात ती तक्रार कुणाला नसते. ओल्या गादीत विष्ठा कुजते, अमोनिया सुटतो, त्याने डोळे आणि श्वासनलिका चुरचुरतात आणि मग कुठलाही रोग सहज आत शिरतो. म्हणून दार उघडल्यावर उकिडवं बसून वास घ्या. उभ्याने घेतलेला वास खोटा.

ताडपत्री हवीच, पण ती खालून पक्की करा आणि वर दोरीने ओढता येईल अशी ठेवा. वरचा फूटभर भाग चारी बाजूंनी कायम उघडा राहू द्या. गरम, दमट हवा वर जाते, तिला वाट पाहिजे. पक्षी बसतात त्या उंचीवर मात्र वारा थेट लागू नये. नवीन खुराडं बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिम घ्या, म्हणजे आखूड भिंत पावसाकडे होते आणि उन्हाळ्यातही ऊन कमी शिरतं. वळचण तीन फूट बाहेर काढा. त्यात कंजुषी केलेले लोक दरवर्षी ताडपत्री विकत घेतात. जुनं खुराडं माझ्यासारखं चुकलेलं असेल तर पश्चिमेला पेंढ्याचा किंवा बांबूचा कूड घाला, दिसायला साधा पण काम चोख. जमीन आजूबाजूच्या अंगणापेक्षा फूटभर उंच हवी आणि भोवती चर हवा.

तुसाची गादी पावसाळ्यात चार इंच ठेवा. आपल्या भागात भाताच्या गिरणीत तूस सहज मिळतं, पण ते मे महिन्यातच भरून ठेवायचं. जुलैत गिरणीवर गेलात तर मिळेल तेही दमट. आम्ही पाच-सहा पोती माळ्यावर टाकतो. रोज दाताळ्याने गादी खालीवर करायची, पाण्याच्या भांड्याभोवतालचं ओलं तेवढं काढून खताच्या खड्ड्यात टाकायचं आणि तिथे नवीन घालायचं. पाच मिनिटांचं काम आहे. भांडं विटांवर ठेवा किंवा टांगा, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. निम्मी ओल तिथूनच येते, छतातून नाही. चुन्याबद्दल एक सांगायला हवं, कारण सगळेच तो सल्ला देतात. विष्ठेने भरलेल्या ओल्या तुसावर चुना भुरभुरला की अमोनिया उलट जास्त सुटतो. आधी ओलं काढा, खालच्या जमिनीवर चुना मारा, वाळू द्या, मग नवीन तूस.

आता गर्दी. एरवी पक्षी दिवसभर बाहेर चरतात, रात्रीपुरतं प्रत्येकी दीड चौरस फूट पुरतं. झडीत ते दिवसभर आतच बसतात, मग किमान अडीच-तीन चौरस फूट लागतात. आमचं खुराडं आठ बाय दहा, म्हणजे ऐंशी चौरस फूट. त्यात पावसाळ्यात तीसच्या वर पक्षी नकोत. चाळीस ठेवले की एकमेकांची पिसं उपटतात आणि गादी दुप्पट वेगाने ओली होते.

सुदैवाने हिशेब पंचांगच जुळवून देतं. आखाडात पुण्याहून गाड्या भरून लोक येतात, गावरान कोंबड्याला तेव्हा मिळतो तो भाव पुन्हा लवकर मिळत नाही. जास्तीचे कोंबडे गटारीच्या आत विकून टाका. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरे. श्रावण लागला की गिऱ्हाईक गायब होतं आणि तोच कोंबडा महिनाभर फुकट खातो. मात्र आठवडे बाजारात नेलेला आणि न विकला गेलेला पक्षी परत कळपात सोडू नका. आमच्या आळीत एका वर्षी मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आला तो असाच, बाजारातून परत आलेल्या एका कोंबड्याबरोबर. तीन आठवडे वेगळा, डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या टोकाला. त्याला दाणापाणी सगळ्यांत शेवटी द्यायचं, म्हणजे तुमच्याच पायांनी रोग इकडे येत नाही.

मानमोडीला औषध नाही, लसच आहे. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही लस, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आठ-दहा आठवड्यांचे झाल्यावर पंखाखाली टोचायची राणीखेतची लस. मोठ्या कोंबड्यांना दर दोन-तीन महिन्यांनी पाण्यातून लासोटा, त्यातला एक डोस मिरगाच्या आधी. या लसी आपल्या औंधच्या पशुजैव पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अडचण दुसरीच आहे. कुपी असते शंभर किंवा जास्त पक्ष्यांची, तुमच्याकडे तीस. उरलेली ठेवता येत नाही, कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आम्ही चार-पाच घरं मिळून एकाच सकाळी देतो. लस बर्फाच्या थर्मासमधून आणायची, ऊन लागू द्यायचं नाही. आदल्या दिवसापासून पाण्यात ब्लीचिंग, तुरटी, परमँगनेट काही नको, नाहीतर लस तिथेच मरते. पाण्यात लिटरमागे पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर कालवली तर लस टिकते. सकाळी दोन तास पाणी तोडून ठेवा, मग सगळे तुटून पडतात. आजारी पक्ष्याला लस देऊ नका.

देवीची लस लोक विसरतात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरतात तो रोग डासांमुळे पसरतो, आणि भातखाचरांच्या गावात डासांना काय तोटा! सहा-आठ आठवड्यांच्या तलंगांना ती पावसाच्या आधी पंखाच्या पडद्यात टोचून घ्या.

पिलांच्या बाबतीत माझं मत थोडं कडक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोंबडी खुडूक बसली तरी तिच्याखाली अंडी ठेवू नका. रक्ती हगवणीचे जंतू ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग लावायला तयार होतात, आणि तीन ते आठ आठवड्यांची पिलं त्यांना सगळ्यांत आधी बळी पडतात. फिनेलने ते मरत नाहीत. कोरडेपणाला मात्र घाबरतात. चैत्रात रवण घातलं, म्हणजे कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवली, तर वैशाखात पिलं निघतात आणि मोठा पाऊस लागेपर्यंत अंगावर पिसं धरतात. त्यानंतरचं रवण थेट गणपती झाल्यावर. खुडूक कोंबडी दोन-तीन दिवस खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली की खूळ सोडते. पिलं पंख पाडून घोळक्यात उभी दिसली, विष्ठेत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून अँप्रोलियमचं औषध पाण्यातून सुरू करा. उद्यावर ढकललं तर उद्या निम्मी उरतात. जंताचं औषध मिरगाच्या सुमारास सगळ्यांनाच.

खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणा, फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. बुरशी लागलेला मका, पेंड किंवा भाकरी कोंबडीला घालू नये, ते विष यकृतात बसतं. बाहेर चरायला मिळेल त्या दिवशी पन्नास-साठ ग्रॅम पुरतं, झडीच्या दिवशी शंभरच्या पुढे लागतं. नुसत्या कण्या आणि कोंड्यावर अंडी मिळत नाहीत. अंडी कमी झाली तर आधी हे बघा, मग ढगाळ उजेडाला दोष द्या. भाताचं औषध लावलेलं बियाणं, विशेषतः थायरम लावलेलं, पक्ष्यांच्या चोचीला लागू देऊ नका. पाय वाकडे होतात, अंड्याचं कवच मऊ पडतं.

वळचणीखाली एका घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा. बाहेर सगळा चिखल असल्यामुळे कोंबड्यांना धुळीत लोळायला मिळत नाही आणि पिसांत उवा होतात. पहिल्या दिवशी आमच्या म्हाताऱ्या कोंबडीने त्या घमेल्यातून कुणाला फिरकू दिलं नव्हतं.

बारामती, दौंड, इंदापूरकडच्यांना एवढी झड नसते. त्यांनी परतीच्या पावसाकडे लक्ष ठेवावं आणि पत्र्यावर पाचट टाकून ठेवावं, उघडीप पडली की पत्रा भट्टीसारखा तापतो.

पाऊस लागला की बिळात पाणी शिरतं आणि मुंगूस, साप घराच्या आसऱ्याला येतात. षटकोनी कोंबडीजाळीवर भरवसा नको. खालचे दोन फूट अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत गाडा. मोरीच्या भोकातून मुंगूस आत येतं हे मी सात तलंगा गमावून शिकले.

आणि एकदम चार-पाच पक्षी मेले, तुरे निळे पडले, तर स्वतः हाताळत बसू नका, मेलेला पक्षी ओढ्यात टाकू नका, कापून खाऊ तर नकाच. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. नमुना तपासायला कुठे पाठवायचा ते डॉक्टर ठरवतील. ते येईपर्यंत उरलेले पक्षी बाहेर सोडू नका, आणि शेजाऱ्यालाही निरोप द्या.